परिवहन मंत्री साहेब, माझी आयडी बंद करणारा माझा मालक नाही तर कोण?

मा. परिवहन मंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

साहेब, मी कळव्याला राहतो, 7 वर्षं झाली ॲपवर टॅक्सी चालवतोय. वॅगनआर सीएनजी, टुरिस्ट परमिट, फिटनेस, इन्शुरन्स सगळं क्लिअर. मागच्या मंगळवारी पहाटे साडेपाचला गाडी पुसून लॉगिन करायला गेलो तर आयडी ब्लॉक. कारण काय, तर कस्टमरची कंप्लेंट. कुठला कस्टमर, कुठली ट्रिप, माझं काय चुकलं, एक ओळ नाही. कंपनीच्या ऑफिसला गेलो, तीन तास टोकन घेऊन बसलो, समोर माझ्या मुलाच्या वयाचा पोरगा, तो म्हणतो "काका तुम्ही आमचे एम्प्लॉयी नाही, पार्टनर आहात, मेल टाका." सहा मेल टाकले, सहाही वेळा शब्दन् शब्द तेच उत्तर.

पार्टनर म्हणजे काय ते तुम्हीच सांगा साहेब. भाडं ते ठरवतात, कमिशन ते कापतात, चार ट्रिप नाकारल्या तर इन्सेंटिव्ह जातो. आणि टायर, सीएनजी, ई-चलन, बँकेचा हप्ता हे सगळं मात्र माझं, कारण मी "सेल्फ एम्प्लॉइड". ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी 2021 मध्ये उबरच्या केसमध्ये हेच तर बघितलं, की भाडं कोण ठरवतं, ट्रिप नाकारल्यावर शिक्षा कोण करतं, आणि ड्रायव्हरना वर्कर मानून किमान वेतन आणि पगारी सुट्टी दिली. तिथल्या आणि आमच्या कामात काय फरक आहे?

जुलै 2025 ला आम्ही ॲपचे ड्रायव्हर भाड्याच्या मागणीसाठी आझाद मैदानात पावसात आंदोलनाला बसलो होतो. सप्टेंबरमध्ये सरकारने किलोमीटरला 22.72 रुपये रेट जाहीर केला, मी त्या दिवशी घरी पेढे नेले होते साहेब. त्यानंतरची माझी एक ट्रिप सांगतो. पनवेल ते अंधेरी, 42 किलोमीटर. कस्टमरने मोबाईल दाखवला, त्याने भरले 790, माझ्या खात्यात 548. म्हणजे किलोमीटरला 13 रुपये. सरकारी रेटने भाडंच 950 च्या वर होतं, आणि ड्रायव्हरला 80 टक्के द्या असं केंद्राच्या 2020 च्या गाइडलाइनमध्येच लिहिलंय. मग कागद कुणासाठी काढता?

त्याच गाइडलाइनमध्ये 5 लाखाचा हेल्थ इन्शुरन्स पण होता. मला दोन वर्षांपूर्वी मुतखडा झाला. दिवसाला 13-14 तास सीटवर, लघवीला जागा नाही म्हणून पाणीच प्यायचं नाही, ही सवय आम्हा सगळ्यांना आहे. ऑपरेशनचे 64 हजार झाले, बायकोच्या बांगड्या गेल्या. आठ दिवस झोपून होतो, तेवढे दिवस कमाई शून्य, आणि हप्ता 14,200 वेळेवर कापला गेला. लाडकी बहीणचा फॉर्म भरायला बायको गेली तर सांगितलं घरात चारचाकी आहे, बसत नाही. ट्रॅक्टर चालतो, टॅक्सी चालत नाही. बँकेच्या कर्जावरची गाडी, जी दिवसभर दुसऱ्यांना फिरवते, तिच्यामुळे आम्ही श्रीमंत झालो!

आणि हे आमच्यापुरतं नाही. जेवण पोचवणारी पोरं पार्टनर, सफाईवाला कंत्राटी, कॉलेजातला मास्तर तासिका तत्त्वावर, जिकडे बघावं तिकडे काम करणारा आहे पण कामाला ठेवणारा कुणी नाही. मेला तर जबाबदार कोण हे शोधायलाच दहा वर्षं जातील. सामाजिक सुरक्षेचा कायदा 2020 ला पास झाला, लागू व्हायला नोव्हेंबर 2025 उजाडलं. पाच वर्षांत किती ड्रायव्हर रस्त्यावर गेले याचा हिशोब कुणाकडे आहे का?

माझं मागणं मोठं नाही. आयडी बंद करायच्या आधी कारण लेखी द्या, आमची बाजू ऐका, आणि ती ऐकणारा माणूस कंपनीचा नको, आरटीओचा असू दे. आणि जाहीर केलेला रेट जी कंपनी देत नाही तिचं लायसन्स थांबवून दाखवा, जसं माझं पीयूसी एक दिवस उशीर झालं तर लगेच चलन येतं.

आज नववा दिवस आहे. गाडी बिल्डिंगखाली उभी आहे, मी रोज सकाळी एकदा स्टार्ट करतो, बॅटरी उतरू नये म्हणून. 5 तारखेला हप्ता आहे.

आपला,
एक टॅक्सी ड्रायव्हर, कळवा