अ‍ॅनिमेशन म्हणजे फक्त मुलांचा सिनेमा नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुपरहिरोंच्या चित्रपटांचा कंटाळा आल्याची तक्रार आपल्या चित्रपट पुरवणीत वरचेवर वाचायला मिळते. ती रास्त आहे. स्पायडर-मॅनला कोळी चावला, ताकद आली, काका गेले, जबाबदारी कळली, ही गोष्ट आता सगळ्यांना पाठ झाली आहे. पण त्याच पानावर अ‍ॅनिमेशनपटाची बोळवण ‘बच्चेकंपनीसाठी’ म्हणून दोन ओळींत होते, ते फार खटकते. ही पाठ झालेली गोष्ट ताजी करून दाखवली ती अ‍ॅनिमेशननेच.

२०१८चा ‘स्पायडर-मॅन: इन्टू द स्पायडर-व्हर्स’ घ्या. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी (फ्रेम) सरकतात. नव्याने स्पायडर-मॅन झालेल्या, नवशिक्या माइल्स या मुलाचे एकेक चित्र मात्र दोन-दोन चौकटी तसेच ठेवलेले आहे, म्हणजे त्याच्या वाट्याला सेकंदाला १२च चित्रे. जंगलातल्या पाठलागात शेजारून झेपावणारा मुरलेला स्पायडर-मॅन पीटर पूर्ण २४ चित्रांत हलतो. पोरगा अडखळतोय हे कुणी बोलून दाखवत नाही, ते डोळ्यांना जाणवते. पुढे माइल्सला सूर सापडतो आणि त्याची हालचालही सलग होते. पात्र घडताना असे दिसणे मला तरी खऱ्या नटांच्या सुपरहिरोपटात कधी अनुभवायला मिळालेले नाही.

रंगांचेही तसेच. पात्रांमागची दृश्ये कॅमेऱ्यासारखी धूसर न करता, जुन्या स्वस्त कॉमिक्सच्या छपाईत सरकायचे तसे रंग रेषेबाहेर सरकवले आहेत. २०२३च्या पुढच्या भागात तर माइल्सची मैत्रीण, स्पायडर-मॅनसारखीच ताकद असलेली ग्वेन वडिलांशी बोलत असताना भोवतीचे जलरंग तिच्या मनाप्रमाणे बदलतात, ओघळतात. तो भाग आपल्याकडे मराठीतही प्रदर्शित झाला होता.

हे सारे पुण्यात सांगावे लागते याचे वाईट वाटते. बोलपट येऊन जेमतेम तीन वर्षे झाली होती, तेव्हा, १९३४ साली, प्रभात फिल्म कंपनीने ‘जंबूकाका’ हा व्यंगचित्रपट काढला, तो याच शहरात. त्या प्रभातच्या आवारात आज फिल्म इन्स्टिट्यूट उभी आहे.

यापुढे अशा चित्रपटाचे परीक्षण छापताना कथेइतकेच रेषा, रंग आणि हालचाल यांबद्दलही लिहावे. जमल्यास शहरात अ‍ॅनिमेशन शिकणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याकडून ते लिहून घ्यावे, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, कोथरूड, पुणे