जुन्या स्प्लेंडरसाठी मिस्त्रीकाकांचे आभार

मिस्त्रीकाका,

सादर नमस्कार. गाडी माझ्या नावावर झाली. आरसीचं, म्हणजे गाडीच्या नोंदणीचं, कार्ड पोस्टाने घरी आलं, ते आईच्या हातात दिलं आणि पहिल्यांदा तुम्ही आठवलात. गाडी बघायला आलात त्याचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. "बघायचे कसले पैसे, ताई?" म्हणालात. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. तुम्ही मला त्या दिवशी जे दाखवलंत ते आपल्या किनाऱ्यावर जुनी मोटरसायकल घेणाऱ्या प्रत्येकाला कळावं असं मनापासून वाटतं. नाव घालायचं नाही अशी तुमची सक्त ताकीद आहे, तेव्हा नाव नाही. तुमचा मुलगा मोबाइलवर वाचून दाखवेलच.

तुम्हाला माहीत आहे, पण वाचणाऱ्यांसाठी सांगते. मी रत्नागिरी जिल्ह्यात, गुहागर तालुक्यातल्या एका उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहे. आमच्याकडचं गाव एका जागी नसतं. एक वाडी खाडीकाठाला, दुसरी वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, तिसरी मधल्या उताराला. बीपी-शुगर तपासायला, बाळंतिणीला भेटायला, म्हाताऱ्या माणसांची गोळ्या-औषधं बघायला सगळीकडे जावं लागतं. एसटी मोजकीच, आणि ती वाडीत शिरत नाही. कंत्राटी पगारात रोजची रिक्षा परवडत नाही. नवी गाडी रस्त्यावर येईपर्यंत लाखाच्या आसपास जाते, आणि भावाच्या शिक्षणाचे हप्ते चालू असताना आणखी कर्ज नको होतं. हातात तीसेक हजार होते. त्यात गाडीही बसवायची होती आणि गाडीचं कामही.

धोपाव्याकडची ती स्प्लेंडर २०१३ ची. मालक मासळीचा धंदा करणारे. किंमत सांगितली २८ हजार, आणि वर "किरकोळ काम आहे" असं. त्याआधी एका गॅरेजवाल्याने तीच गाडी बघून "फुल इंजिन करावं लागेल, बारा-तेरा हजार धरा" असं सांगितलं होतं. आईचं म्हणणं, दुसऱ्याने वापरून टाकलेली गाडी कशाला गळ्यात घेतेस. किरकोळ आणि फुल इंजिन यांच्यामधलं खरं काय, हे मला कोण सांगणार होतं?

तुम्ही फोनवर पहिलंच वाक्य बोललात ते असं: "मी येईस्तोवर कोणाला किक मारू देऊ नका." आल्या आल्या इंजिनवर तळहात ठेवून ते थंड आहे याची खात्री केलीत. गरम इंजिन कुठलंही चालू होतं, गाडीची खरी तब्येत सकाळच्या पहिल्या किकला कळते, हे तेव्हा तुम्ही सांगितलंत. आणि मग किकला हातच लावला नाहीत. उकिडवे बसलात आणि टॉर्च लावून गाडी खालून बघायला लागलात.

ते बघणं मी विसरणार नाही. मागच्या मडगार्डच्या आत बोट फिरवलंत, सायलेन्सरच्या बाजूचा चिमटा, म्हणजे मागचं चाक धरणारा लोखंडी दांडा, चाकाच्या एक्सलजवळ स्क्रूड्रायव्हरने टोचलात, आणि मालकांना विचारलंत, "दादा, मागे टप बांधायचात ना? उजवीकडे कललेला असायचा." ते बघतच राहिले. मासळीच्या टपातलं बर्फाचं खारं पाणी नेमकं कुठे गळत होतं ते तुम्हाला गंजावरून दिसलं होतं. मग मला खाली वाकायला लावून दाखवलंत. समुद्राच्या वाऱ्याचा गंज सगळीकडे सारखा, पातळ, तपकिरी. पॉलिश पेपर मारला की खाली लोखंड दिसतं. टपाच्या पाण्याचा गंज एका जागी खोल जातो, पापुद्रे सुटतात, टोचलं की स्क्रूड्रायव्हर आत रुततो. चिमट्याचं उजवं टोक असंच भुसभुशीत झालं होतं. मागच्या चाकाच्या हबपाशी चार-पाच आरे खाल्लेले होते. मुख्य चेसिसवर मात्र, बॅटरीखालचा पत्रा काढून, सीट उचलून, हँडलच्या मानेपर्यंत तुम्ही टोचत गेलात तेव्हा सगळीकडे टणक आवाज आला.

"चिमटा बदलता येतो, ताई. चेसिस कुजलं असतं तर मी इथूनच परत फिरलो असतो."

दुरुस्तीची किंमत किती याच्या आधी दुरुस्ती होण्यासारखी आहे का ते बघायचं, हे मला तिथे कळलं. मानेजवळ तडा किंवा वेल्डिंग, चेसिस नंबर खोडलेला किंवा आरसीशी न जुळणारा, विकणाऱ्याच्या नावावर कागद नसणं, आणि गाडी पुरात बुडालेली असणं: यातलं काहीही निघालं तर फुकट मिळाली तरी घ्यायची नाही, असं तुम्ही सांगितलंत. मानेवरचा नंबर पेट्रोलच्या फडक्याने पुसून एकेक अंक माझ्याकडून वाचून घेतलात.

पुराचं तर मला सुचलंही नसतं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणमध्ये शिरलं तेव्हा कितीतरी गाड्या बुडाल्या. त्यातल्या काही धुऊन-रंगवून नंतर विकल्या गेल्या असणार, असं तुम्ही म्हणालात. म्हणून हेडलाइटची वाटी उघडलीत आणि आत, वायरींच्या गुंत्यामागे, वाळलेला बारीक चिखल आहे का ते बघितलंत. बाहेरून गाडी कितीही धुतली तरी तिथला गाळ कोणी काढत नाही. आपल्या गाडीत धूळ होती, गाळ नव्हता. वायरींचे एक-दोन जोड, म्हणजे कपलर, खाऱ्या हवेने हिरवे पडले होते, ते तुम्ही तिथल्या तिथे घासून दिलेत.

मग किक. तिसऱ्या किकला गाडी चालू झाली आणि सायलेन्सरमधून निळसर धूर आला. माझा चेहरा पडलेला बघून तुम्ही हात वर केलात: थांबा. मिनिट-दोन मिनिटांत धूर थांबला. नंतर मला मागे बसवून पालशेतकडच्या रस्त्याला घेऊन गेलात. चढावर तिसऱ्या गिअरला ॲक्सिलरेटर पिळलात, इंजिनचा आवाज वाढला पण गाडीने तेवढा वेग घेतला नाही. "क्लच प्लेट." उतारावर ॲक्सिलरेटर सोडून दिलात, खाली आल्यावर एकदम दिलात आणि मला मागे बघायला सांगितलंत. निळ्या धुराचा एक झोत निघाला आणि मोकळा झाला. रात्रभर उभी राहिल्यावर पहिल्या किकला आणि असा उतार उतरून ॲक्सिलरेटर दिल्यावर तेवढ्यापुरता निळा धूर, म्हणजे व्हॉल्व्हची ऑइल सील गेलेली. चढावर लोड असताना धूर सतत येत राहिला असता तर रिंग-पिस्टन गेलेलं, मग ब्लॉक उतरवून बोर करायला लागला असता. इथे हेड उतरवून सील बदलली की काम झालं. ज्या धुराला आधी "फुल इंजिन" म्हटलं होतं तो हा धूर.

काका, मला इथे थोडं थांबून बोलायचं आहे. ते फुल इंजिनचं काम तुमच्याकडेच आलं असतं. मी डोळे झाकून हो म्हटलं असतं आणि मला कधी कळलंही नसतं. पोट गॅरेजवर असलेल्या माणसाने समोरचं बारा हजारांचं काम स्वतःच्या तोंडाने दीड हजारावर आणणं ही साधी गोष्ट नाही. आमच्या क्षेत्रात मी रोज बघते, ज्याला आपल्या दुखण्यातलं काही कळत नाही तो समोरच्याच्या शब्दावर किती विसंबून असतो. त्या दिवशी मी तशी होते. तुम्ही माझा तो विश्वास जपलात, याचे आभार कसे मानायचे ते मला खरंच कळत नाही.

मग कागद. मोबाइलवर नंबर टाकून बघायला लावलंत. मालक पहिलेच, नंबर एमएच ०८, म्हणजे दुसऱ्या आरटीओची एनओसी नको. पण आरसीवर बँकेचा बोजा तसाच होता. कर्ज केव्हाच फिटलेलं, बोजा उतरवायचा राहून गेलेला. मालकांच्या मनात काही वाईट नव्हतं, तरी "बँकेचं पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका" असं तुम्ही त्यांच्यासमोरच सांगितलंत, आणि त्यांनाही ते पटलं. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे २९ आणि ३० नंबरचे टीटी फॉर्म माझ्यासमोर सही करून घ्यायला लावलेत. कोऱ्या सहीचे फॉर्म खिशात घेऊन वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या नावाची गाडी फिरवणारे आपल्याकडे किती आहेत! कायद्याने विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. अपघात झाला तर नाव ज्याचं त्याच्या दारात प्रकरण जातं. विमा संपलेला होता, तेव्हा थर्ड पार्टी विमा काढल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढायची नाही. १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी म्हणून एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेटचा, खर्च. आणि २०२८ ला पंधरा वर्षं भरतात, तेव्हा पासिंग, म्हणजे गाडीची फेरनोंदणी, आणि पर्यावरण कर येणार, तोही आत्ताच हिशेबात धरायचा.

आता त्या खोक्याबद्दल. चेन-स्प्रॉकेटच्या रिकाम्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर तुम्ही पेनने तीन रकाने पाडलेत. पहिल्यात "आत्ता": चिमटा, मागचे आरे, ऑइल सील, क्लच प्लेट, मागचा टायर, ब्रेक लायनर. दुसऱ्यात "पावसाआधी": चेन-स्प्रॉकेट, कोनसेट (हँडलच्या मानेतले बेअरिंग), बॅटरी. तिसऱ्यात "करू नका", आणि हा रकाना मला सगळ्यात आवडला. टाकी रंगवू नका, नवं सीट कव्हर नको, जाड टायर नको, आवाजाचा सायलेन्सर तर नकोच. पहिल्या दोन रकान्यांची बेरीज साडेआठ हजार झाली. ती मालकांना दाखवून तुम्ही म्हणालात, "दादा, गाडी चांगली आहे, पण एवढा खर्च ताईंना आहे." घासाघीस अशी झालीच नाही. पुठ्ठा हातात घेऊन त्यांनी स्वतः वाचला आणि २१ हजारांवर आले. ते रागावले नाहीत, उलट चहा पाजला.

गाडी सुरेख चालते आहे. धूर नाही. सड्यावरच्या वाडीचा चढ ती दुसऱ्या गिअरला शांतपणे चढते. पावसाळ्यात एका घरी आजोबांचं बीपी एकदम वाढलं होतं, तिथे वेळेत पोचता आलं. तुम्ही सांगितलेलं सगळं करते. खाडीकाठावरून किंवा फेरीबोटीतून आले की त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने खालून धुते, चेन पुसून नव्वद नंबरचं ऑइल सोडते. पावसाआधी चेसिसला खालून जळकं ऑइल मारलं, ब्रेकच्या ड्रमपाशी कापड बांधून. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं आणि ते हवेतलं पाणी ओढतं, म्हणून अर्धी टाकी भरून गाडी दिवसेंदिवस उभी ठेवत नाही. आपल्या जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, हे मी आरोग्याच्या अहवालांत नेहमी वाचायचे, पण लोखंडाच्या बाजूने त्याचा विचार तुमच्यामुळे केला.

२०१३ ची म्हणजे कार्ब्युरेटरची गाडी, हेही मला आता मोलाचं वाटतं. २०२० पासूनच्या बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या) गाड्यांसारखं इंजेक्शन आणि सेन्सर त्यात नाहीत. मध्ये एकदा आडरानात गाडी बंद पडली तर शेजारच्या वाडीतल्या पोराने कार्ब्युरेटरच्या वाटीतला कचरा काढून चालू करून दिली. सर्वांना जुनीच गाडी घ्या असं मी म्हणणार नाही. जिथे चेसिस कुजलेलं आहे तिथे कितीही स्वस्त मिळाली तरी ते पैसे समुद्रात गेले. पण किनाऱ्यावर गाडी बघायला जाल तेव्हा रंग आणि किलोमीटर बघायच्या आधी खाली वाका, आणि खाली वाकून बघणारा, कामाला नाही म्हणू शकणारा मिस्त्री बरोबर न्या.

आमच्या उपकेंद्रातल्या सिस्टर आता जुनी स्कूटर बघत आहेत. तुम्हाला विचारल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत असं मी त्यांना सांगून ठेवलं आहे, पुढच्या आठवड्यात फोन करतील. आणि या वेळी बघायचे पैसे तुम्ही घ्यायचे आहेत, सिस्टर ऐकणार नाहीत. कोनसेट थोडा वाजतो आहे, शनिवारी गाडी घेऊन येते. काकूंना नमस्कार सांगा.

तुमची,
स्प्लेंडरवाली ताई