काळ्या जमिनीत हे आपटबार फुसके निघतात

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

उन्हाळी शिबिरांच्या फलकांवर घोडेस्वारी आणि दोरावरून चालण्याच्या जोडीला कुठे कुठे एअरसॉफ्टही दिसू लागले आहे. ६ मिलिमीटरच्या प्लास्टिक छऱ्यांची ही लुटुपुटीची लढाई. बंदुकीची चौकशी सगळे करतात. पुन्हा पुन्हा वापरायचा हातगोळा मात्र व्हिडिओ पाहून मागवला जातो. तो व्हिडिओ बहुतेक वेळा थंड देशातला असतो, गोळा सिमेंटवर आपटलेला असतो. इथे वर ४५ अंश, खाली काळी जमीन. त्यामुळे तिकडचा अनुभव इकडे लागू पडत नाही.

प्रकार मुख्यतः तीन. पहिला गॅस भरून आपटायचा: आत गॅसची लहान टाकी, तिच्यावर झडप, झडपेला अडकवलेली कळ. दणका बसला की कळ सुटते, गॅस एकदम बाहेर येतो आणि छरे उडवतो. एअरसॉफ्ट इनोव्हेशन्स या कॅनडाच्या कंपनीचा ‘सायक्लोन’ या जातीचा. दुसरा वेळेवर, म्हणजे टायमरने, सुटणारा. त्याच कंपनीचा ‘टोर्नेडो’ फेकल्यावर थोड्या सेकंदांनी जमिनीवर फिरत छरे फवारतो. ‘थंडर-बी’ हाही वेळेवरचाच, पण नुसता आवाजाचा: १२ ग्रॅमची सीओटूची कुपी फुटते आणि वरचे प्लास्टिकचे कवच फाटते. गाभा पुन्हा चालतो, कवच दर वेळी नवे लागते, त्यामुळे ‘रियुजेबल’ या शब्दावर फार विसंबू नये. तिसरा कोऱ्या, म्हणजे दारू असलेल्या पण गोळी नसलेल्या काडतुसाचा. त्यात शस्त्र कायदा, १९५९ आडवा येतो. ठाण्यातून लेखी मिळाल्याशिवाय त्या वाटेला जाऊच नये.

आपटणाऱ्याची खरी परीक्षा जमीन घेते. मुरुमाच्या पांदणीवर, फरशीवर किंवा गोठ्याच्या कोब्यावर तो दहापैकी दहा वेळा सुटावा. ओलित केलेल्या वावरात, कुटाराच्या ढिगावर किंवा पऱ्हाटीच्या ओळीत तोच गोळा थप्प करून बसतो, कारण माती दणका पिऊन टाकते आणि कळ जागची हलत नाही. म्हणून काही जण कळ हलकी करतात, आणि मग तो खिशातच सुटतो. कळीला हात लावू नका, फेकण्याची तऱ्हा बदला: सरपटता न टाकता डोक्यावरून उंच टाका. उलटे दुखणे धुऱ्यावरच्या काळ्या दगडांचे. तिथे सुटतो हमखास, पण कवचाला चीर जाते. चीर गेलेला गोळा चिकटपट्टी लावून पुन्हा भरू नये. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला भेगा पडतात, त्यांत छरे तर जातातच, लहान गोळाही अडकतो. पावसाळ्यात चिकण माती झडपेच्या तोंडात भरते. सुईने टोकरलात की रबरी कडीला ओरखडा पडतो आणि गळती सुरू. मऊ ब्रश आणि पाणी, मग सावलीत वाळवून सिलिकॉन तेलाचा एक थेंब. इंजिनचे ऑईल नको, त्याने रबर फुगते. एकूण काय, उघड्या वावरात वेळेवरचा गोळा घ्यावा, आपटणारा पक्क्या खोल्यांच्या खेळासाठी ठेवावा.

आता गॅस. ‘ग्रीन गॅस’ म्हणून जो डबा मिळतो तो मुळात प्रोपेन, थोडे सिलिकॉन तेल घातलेला. २० अंशांना त्याचा दाब साधारण ११० पाउंड. ४५ अंशांना २०० पाउंडांच्या वर. मोटारसायकलच्या चाकात ३० पाउंडांच्या आसपास हवा असते, यावरून अंदाज यावा. शिवाय तो पेटतो, हवेपेक्षा जड असल्याने खोलगट जागी साचतो, आणि एप्रिल-मेमध्ये सागाची पाने कशी असतात हे सांगायला नको. मोटारीच्या एसीचा आर-१३४ए त्या मानाने बरा. तो मैदानात पेट घेत नाही, आणि ३५ अंशांना त्याचा दाब ११५ पाउंडांच्या आसपास, म्हणजे थंड देशातल्या प्रोपेनइतकाच. त्याचेही दोन दोष आहेत. त्यात तेल नसते, म्हणून कड्यांना वेगळे तेल द्यावे लागते. आणि हवामानाला तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक जाच करतो, तेव्हा बेताने. उत्पादकाने तो चालतो असे लिहिले असेल तरच भरावा. घरच्या १४.२ किलोच्या सिलिंडरला नळी लावणारे महाभाग असतात. ते बेकायदा आहे आणि जिवावरचेही.

डबा उलटा, नळी सरळ, भरणे तीन-चार सेकंद. काठोकाठ भरलात तर द्रवाला फुगायला जागा उरत नाही, ऊन लागले की कडी फाटते. सुटल्यावर गोळा गार पडतो; लगेच भरला तर दाब कमी मिळतो, हातात थोडा वेळ धरावा. भरलेले गोळे आणि सीओटूच्या कुप्या बंद गाडीत ठेवू नयेत. सीओटू ३१ अंशांवर द्रव राहतच नाही, पुढे दाब झपाट्याने चढतो. न सुटलेल्या गोळ्याकडे चष्म्यासकट जावे, जाड पोते टाकून मगच उचलावा आणि तोंड जमिनीकडे करून गॅस सोडावा. चष्मा म्हणजे चहूबाजूंनी बंद, माराला टिकणारा. जाळीचा नको, फुटलेल्या छऱ्याची कपची आत येते.

आणखी एक गोष्ट इथलीच. डुकरांसाठी गावठी बॉम्ब पेरण्याचा घातक प्रकार आपल्याकडे आहे. वावरात गोल काही सापडले की लोक बिचकतात, पोरे मात्र उचलतात. त्यामुळे गोळ्याचे कवच भडक नारिंगी असावे, प्रत्येकावर क्रमांक असावा आणि खेळ संपला की मोजणी झाल्याशिवाय मैदान सोडू नये. पोलीस पाटलांना आधी कळवावे. गडचिरोलीकडे हातगोळ्याच्या आकाराची वस्तू खेळात आणूच नये, बॉम्बशोधक पथकाला पळवण्याची ती जागा नव्हे. नट-बोल्टमध्ये टिकल्या दाबून घरीच आपटबार करणेही नको, नट कुणाच्या डोळ्यात जाईल याचा नेम नाही.

खरे सांगायचे तर शिबिरातल्या पोरांना जुना मोजा पुरतो. त्यात मूठ-दोन मूठ मक्याचे पीठ, तोंडाला गाठ. लागला की कपड्यावर पिठाचा ठसा उमटतो, वाद मिटतो, आणि ओल्या वावरातही चालतो. पीठ संपले की पुन्हा भरायचे. चुना मात्र भरू नये, डोळ्यात गेला तर बुबुळ भाजते.

आपले,
मैदान सांभाळणारे काही जण,
वर्धा जिल्हा