गॅस बदलला, नळ्या जुन्याच

मा. संपादक,

उद्यमबागेत तीस वर्षं गाड्यांचे एसी दुरुस्त करतोय. परवा चोर्ला घाट चढून गोव्याची १९८४ ची पोर्श ९११ आली. कुणीतरी आर-१२ या जुन्या एसी गॅसच्या जागी आर-१३४ए हा नवा गॅस भरून मोकळा झालेला; आत तेल जुनंच, मिनरल! ते या गॅसमध्ये मिसळत नाही, कॉम्प्रेसर कोरडा पडतो. या गाडीचं इंजिन मागे, कूलिंग कॉइल पुढे. मधल्या लांबलचक रबरी नळ्यांचे सांधे तेलाने काळे चिकट. या गॅसला चालणारं एस्टर तेल, ओलावा शोषणारा नवा ड्रायर, गॅस झिरपू न देणाऱ्या बॅरियर नळ्या घातल्या. मालकाला डॅशबोर्ड कापून मोठे व्हेंटही हवे होते. सरळ नाही म्हटलं, गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या कंडेन्सरला जादा पंखा दिला. रविवारच्या वाहन पानावर एसीबद्दलही चार ओळी येऊ द्यात.

– एक मेकॅनिक, बेळगाव