आपल्या मालाचा व्हिडिओ आपल्याच अंगणात काढा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बचत गटांनी आपल्या मालाचे जाहिरातीचे व्हिडिओ करावेत, असं हल्ली प्रत्येक मेळाव्यात सांगितलं जातं. सल्ला रास्त आहे. पण तो व्हिडिओ कसा काढायचा, कोणाकडून काढून घ्यायचा आणि पैसे मोजताना काय तपासायचं, हे कोणी सांगत नाही. त्यापायी आमच्या भागातल्या बायांचा कष्टाचा पैसा वाया जातो आहे, म्हणून हे पत्र. मी चोपड्यात फोटो स्टुडिओ चालवतो. लग्नाचं शूटिंग हा मूळ धंदा. सीझन नसतो तेव्हा पापड, मसाले, केळीचे वेफर्स करणाऱ्या लहान उद्योगांचे व्हिडिओ करतो.

जवळच्याच एका गटानं मोठ्या शहरातल्या एजन्सीकडून बिबड्यांचा, म्हणजे आपल्याकडच्या ज्वारीच्या पापडांचा, व्हिडिओ करून घेतला. एजन्सीचं माणूस गावात आलंच नाही. पाकिटाचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवले, निम्मे पैसे आधी घेतले आणि व्हिडिओ पाठवून दिला. चकचकीत होता. संगमरवरी ओटा, कोण्या परक्या बाईचे हात, हवेत उडणारं गव्हाचं पीठ आणि शेवटी गरगर फिरणारं पाकीट. इंटरनेटवर विकत मिळणाऱ्या तयार क्लिपा जोडल्या होत्या. त्यातली पीठ उडण्याची क्लिप मी पुढे एका बेकरीच्या जाहिरातीतही पाहिली. ज्वारीचा दाणा त्यात औषधालाही नव्हता. गटातल्या एक आजी तो बघून एवढंच म्हणाल्या, "यामा आम्ही कोठे शेतस?" म्हणजे, यात आम्ही कुठे आहोत?

त्यांनी नेमकं दुखणं सांगितलं. दूरच्या गिऱ्हाइकाला माल हातात घेऊन बघता येत नाही, वासही घेता येत नाही. कोण करतं, कसं करतं, कुठे वाळवतं, हे डोळ्यांनी पाहूनच तो पैसे टाकतो. तेच काढून टाकलं तर हा बिबडा आणि दुसऱ्या कोणाचा बिबडा यात फरक काय राहिला?

प्रोफेशनल व्हिडिओ म्हटलं की लोकांना महागडा कॅमेरा, ड्रोन आणि स्लो मोशन आठवतं. माझ्या मते आधी उजेड, मग आवाज, मग न हलणारा हात; कॅमेऱ्याचा नंबर त्यानंतर. उजेडाची ताकद आपल्या खान्देशानं तर जवळून पाहिलेली आहे. चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस यांनी टेबलावर लहानसहान वस्तू मांडून, त्यांच्यावर हवा तसा प्रकाश टाकून छायाचित्रं उभी केली. आज त्याला प्रॉडक्ट शूट म्हणतात. १९८९ मध्ये ते गेले. त्यांचं काम आमच्या धंद्यातल्या प्रत्येक पोरानं एकदा तरी चाळीसगावला जाऊन बघावं, असं मला मनापासून वाटतं.

बिबड्यांचंच घ्या. ज्वारी भिजवायची, दळायची, तिखट-मीठ, लसूण, तीळ घालून पीठ शिजवायचं आणि ओल्या हातानं कापडावर थापायचं. हे उन्हाळकाम, भल्या पहाटे सुरू होणारं. सूर्य वर आला की पहिला अर्धा-पाऊण तास ऊन तिरपं असतं. तेव्हा मोबाईल कापडाच्या पातळीपर्यंत खाली आणून सूर्याकडे तोंड करून शॉट घ्या: बिबड्याचा ओलेपणा चमकतो, एकेक तीळ उठून दिसतो, थापणाऱ्या बोटांचे ठसे दिसतात. दहा वाजल्यानंतर तोच बिबडा सपाट आणि पांढरा फटक येतो. शिवाय मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो. गच्चीवर मोबाईल तापून कॅमेरा आपोआप बंद पडतो. म्हणून उन्हाळ्यातलं शूटिंग पहाटेच उरकावं आणि मोबाईल मधून मधून सावलीत ठेवावा.

हिवाळ्यात भरताच्या वांग्याचा सीझन. वांगी पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या, जाळावर भाजतात, बडगीत (लाकडी भांड्यात) ठेचतात. इतकं देखणं दृश्य जाहिरातवाल्याला लाखो रुपये खर्चून सेटवर उभं करता येणार नाही. धूर नीट दिसायला हवा असेल तर उजेड धुराच्या मागून यावा आणि त्यामागे काहीतरी गडद असावं, गोठ्याची भिंत किंवा नुसती सांजवेळ. समोरून फ्लॅश मारला की धूर नाहीसा होतो. जळगावची केळी आणि जळगावचं भरीत वांगं या दोघांनाही २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. मानांकन मिळतं ते मातीला आणि पद्धतीला. मग व्हिडिओत ती माती आणि ती पद्धत दिसायला नको?

घरात शूटिंग करताना ट्यूबलाइट आणि खिडकीचा उजेड एकत्र येऊ देऊ नका, पापड अर्धा निळा अर्धा पिवळा दिसतो. ट्यूब बंद करा, खिडकीपाशी बसा, दुसऱ्या बाजूला पांढरी चादर किंवा थर्माकोल धरा. ट्यूबखालीच करायची वेळ आली आणि चित्रात पट्टे लुकलुकायला लागले, तर मोबाईल कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये (जिथे सेटिंग हातानं बदलता येतं) सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे लुकलुक थांबते.

आवाजाकडे तर कोणीच लक्ष देत नाही. पंखा, मिक्सर, शेजारची गिरणी बंद ठेवून साधा कॉलर माईक लावला की बोलणं स्वच्छ येतं. आणि बोलू द्या बायांना त्यांच्या बोलीत. अहिराणी असो, लेवा असो, गुजर बोली असो. पुस्तकी मराठीतला भाड्याचा आवाज लावून त्यांचं तोंड बंद करू नका. सुरतेत उधना-लिंबायतला आपली हजारो कुटुंबं राहतात. या मालाचं पहिलं गिऱ्हाईक तेच, आणि घरचा हेल त्यांना दोन शब्दांत ओळखू येतो. खाली मराठीत, हवं तर हिंदी-गुजरातीत ओळी द्याव्यात. बरेच लोक मोबाईलचा आवाज बंद ठेवूनच बघतात.

एका गोष्टीचा मला राग येतो. व्हिडिओत सर्रास 'मधुमेह बरा होतो', 'शंभर टक्के शुद्ध' असं लिहितात. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत केंद्राची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. तो बसला तर मालाच्या मालकिणीवरही बसू शकतो. सिनेमातली गाणी परवानगीशिवाय जाहिरातीला लावणंही तसंच. त्यापेक्षा जात्याचा, थापण्याचा, तळताना होणारा आवाज ठेवा. तो कोणाच्या मालकीचा नाही आणि भूकही तोच लावतो.

पैसे देण्याआधी कागदावर लिहून घ्या: शूटिंग गावात येऊन होणार, मूळ क्लिपा गटाला मिळणार, मोबाईलसाठी उभा आणि प्रदर्शनातल्या पडद्यासाठी आडवा असे दोन्ही व्हिडिओ मिळणार. पेजचा पासवर्ड गटाकडेच राहायला हवा.

ब्रँड वगैरे मुंबई-पुण्याच्या लोकांनी करावेत, असं मला पुष्कळदा ऐकवलं जातं. विप्रोची सुरुवात १९४५ मध्ये अमळनेरात वनस्पती तुपाच्या कारखान्यानं झाली, हे अशा वेळी मी आवर्जून सांगतो.

सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या योजनेत जळगावचं उत्पादन म्हणून केळी निवडली आहे, आणि गटांच्या ब्रँडिंगसाठी अर्ध्या खर्चापर्यंत मदतीची तरतूदही आहे. माझी विनंती अशी, की या योजनेच्या प्रशिक्षणात भाषणांचा एक दिवस कमी करून तो दिवस शूटिंगला द्यावा. हॉलमध्ये नव्हे, एखाद्या गटाच्या गच्चीवर, त्यांच्याच मोबाईलवर, पहाटे. संध्याकाळपर्यंत प्रत्येक गटाच्या हातात एक मिनिटाचा स्वतःचा व्हिडिओ तयार असावा. तळोद्याच्या, साक्रीच्या, रावेरच्या स्टुडिओवाल्यांनाही शिकवायला बोलवावं. गाव आणि ऊन दोन्ही त्यांना माहीत आहे.

चोपडा आणि यावल तालुक्यांत असं प्रशिक्षण ठरलं, तर लग्नतिथी सोडून कोणत्याही दिवशी मी माझे लाइट आणि माईक घेऊन यायला तयार आहे. मानधनाची अपेक्षा नाही.

आपला,
एक स्टुडिओचालक,
चोपडा, जि. जळगाव