क्षेत्रसभेच्या पत्रावर तुझी सही हवी

नेरुळ, नवी मुंबई
२२ फेब्रुवारी २०२६

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, मत दिलं, संपलं. पुढे आपल्याला कोण विचारतंय?" तेव्हा गॅसवर दूध होतं, नीट बोलता आलं नाही. पण ते वाक्य मनातून जाईना.

१५ जानेवारीला तू मुद्दाम पुण्याहून आलीस आणि महापालिकेसाठी पहिल्यांदा मत दिलंस. त्याआधीची निवडणूक २०१५ ची, तेव्हा तू पाचवीत होतीस. २०२० मध्ये मुदत संपली आणि पुढे पाच वर्षांहून जास्त काळ शहरात नगरसेवकच नव्हते, कारभार प्रशासकाकडे. मुदत संपायच्या आत निवडणूक झाली पाहिजे, असं घटनेत स्पष्ट लिहिलेलं आहे. तरी शेवटी सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. याचं मला फार वाईट वाटतं.

तुझ्या आबांची आठवण येते. आमच्या गावी पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं की मारुतीच्या देवळापुढे ग्रामसभा भरायची. आबा सातवी शिकलेले. पाण्याचा प्रश्न निघाला आणि ग्रामसेवक "बघू" म्हणाले की आबा खाली बसायचे नाहीत. "बघू नको, इतिवृत्तात घ्या." एकदा वहीत आलं की पुढच्या सभेत त्याचं काय केलं, हे विचारता यायचं. आजी मात्र कधी सभेला गेली नाही. त्या वयात मला ते खटकलं नव्हतं, आज खटकतं.

गावात मतदार यादीत नाव असलं की माणूस आपोआप ग्रामसभेचा सदस्य. शहरात आलो आणि तो हक्क गावीच राहिला. ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये लागू झाली, तिने मोठ्या शहरांना वॉर्ड समित्या दिल्या, त्यांत मुख्यतः नगरसेवकच बसतात. पण तुझ्यामाझ्यासारख्यांनी बसायचं कुठे? त्यासाठी २००९ मध्ये राज्याने महापालिकांच्या कायद्यात क्षेत्रसभा आणली. मतदारांनी एकत्र बसायचं, आपल्या भागाच्या गरजा सांगायच्या. आपल्या इमारतीत मी चौकशी केली, तर कुणी या सभेचं नावही ऐकलं नव्हतं. मीसुद्धा मागच्याच वर्षी ऐकलं.

बाबा म्हणतात, साध्या माणसांना घटना-कायद्यातलं काय कळणार? आयर्लंडने २०१६ मध्ये ९९ साधी माणसं निवडली, तीही चिठ्ठ्या टाकाव्यात तशी, वय, गाव, बाई-पुरुष असा मेळ राखून. गर्भपातबंदीच्या घटनाकलमावर त्यांनी शनिवार-रविवार बसून डॉक्टर, वकील, दोन्ही बाजूंची माणसं ऐकली आणि मग आपला कौल दिला. २०१८ च्या सार्वमतात मत देणाऱ्यांपैकी ६६ टक्के लोकांनी ते कलम काढायला होकार दिला. वेळ आणि माहिती दिली की माणसांना कळतं, मुक्ता. आपल्या घटनेचा मसुदासुद्धा फेब्रुवारी १९४८ मध्ये लोकांपुढे ठेवला होता आणि आलेल्या सूचना मसुदा समितीने विचारात घेतल्या होत्या.

आइसलँडची गोष्ट मात्र मला झोंबते. तिथे २०११ मध्ये २५ नागरिकांनी लोकांच्या सूचना घेत नव्या घटनेचा मसुदा लिहिला. २०१२ च्या सार्वमतात मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश लोक त्याच्या बाजूने उभे राहिले. संसदेने तो मंजूरच केला नाही. ते सार्वमत केवळ सल्ल्यापुरतं होतं. लोकांना विचारलं, लोकांनी मेहनतीने उत्तर दिलं आणि उत्तराचं काय केलं हे सांगायला कुणी बांधील नव्हतं. "हरकती व सूचना मागवल्या आहेत" अशी जाहिरात वाचली की मला आता हाच प्रश्न पडतो. माझ्या हरकतीचं उत्तर कोण देणार आणि किती दिवसांत?

म्हणून आम्ही सोसायटीतल्या अकरा जणींनी प्रभागातल्या सगळ्या नगरसेवकांना पत्र लिहिलंय. क्षेत्रसभा बोलवा. तिची सूचना प्रत्येक इमारतीच्या फलकावर लावा. इतिवृत्त ठेवा आणि मागच्या सभेत मागितलेल्याचं काय झालं, ते पुढच्या सभेच्या सुरुवातीला वाचून दाखवा. हे शेवटचं वाक्य माझं. बाबांना ते जरा कडक वाटतंय, पण मी काढणार नाही.

तुझं नाव इथल्या यादीत आहे, तेव्हा सही तुझीही हवी. पुढच्या रविवारी ये. पत्र सोमवारी द्यायचंय, आणि पोच घेतल्याशिवाय मी तिथून हलणार नाही.

तुझी,
आई