ग्राफीनच्या नावाने ग्राफाइट विकले जाऊ नये : केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली.

महोदय,
सादर नमस्कार.

मी महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. पदव्युत्तर वर्गाच्या प्रकल्पासाठी आम्ही एका पुरवठादाराकडून ग्राफीन (ग्राफाइटपासून सुटा केलेला, एक अणू जाडीचा कार्बनचा थर) मागवले. लहानशा बाटलीत काळी भुकटी आली आणि सोबत शुद्धतेचे प्रमाणपत्रही आले. विद्यार्थ्यांनी त्यापासून बॅटरीचे इलेक्ट्रोड तयार केले, परंतु मोजमापे काही केल्या जुळेनात. अखेर तो नमुना रामन वर्णपटासाठी (लेसरचा प्रकाश पाडून पदार्थाची रचना ओळखणाऱ्या तपासणीसाठी) एका मोठ्या संस्थेत पाठवला, तेव्हा आलेखावर २७०० प्रति सेंटीमीटरच्या आसपास एकपदरी ग्राफीनचे जे उंच आणि निमुळते शिखर दिसायला हवे, त्याच्या जागी ग्राफाइटचा बसका, एका बाजूला खांदा असलेला उंचवटा आला. पेन्सिलीच्या शिशात असतो तो पदार्थ आम्ही ग्राफीनच्या भावाने घेतला होता.

ही तक्रार एका बाटलीपुरती असती, तर आपल्याला पत्र लिहिले नसते. सिंगापूरच्या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जगभरातील ६० उत्पादकांचा माल तपासला होता आणि त्यांपैकी बहुतेकांच्या मालात खऱ्या ग्राफीनचे प्रमाण दहा टक्क्यांच्याही आत भरले होते.

कार्बनच्या बाबतीत अणू तोच राहतो आणि केवळ मांडणी बदलली की पदार्थ बदलतो. क्रोटो, कर्ल आणि स्मॉली यांना १९८५ साली साठ अणूंचा पोकळ गोळा सापडला, जपानचे सुमिओ इजिमा यांनी १९९१ साली एकात एक बसलेल्या नॅनोट्यूब, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या, दाखवल्या आणि २००४ साली मँचेस्टरमध्ये गाइम व नोव्होसेलोव्ह यांनी साध्या चिकटपट्टीने ग्राफाइटचा एक अणू जाडीचा थर सोलून काढला. आपल्याकडेही मुंबईच्या आयआयटीत प्रा. महेश्वर शेरॉन यांनी देवघरातल्या कापरापासून नॅनोट्यूब बनवण्याचे काम केले, आणि त्याचा मला मनापासून अभिमान वाटतो. टायरमधले कार्बन ब्लॅक, पाण्याच्या फिल्टरमधला सक्रिय कोळसा, लिथियम बॅटरीतले ग्राफाइट आणि नॅनोट्यूब यांचे गुण वेगळे, किमतीही वेगळ्या. पण भुकटी करून बाटलीत भरल्यावर नुसत्या डोळ्यांना सारे काळेच दिसते. म्हणूनच येथे विक्रेत्याच्या शब्दापेक्षा तपासणीला महत्त्व आहे.

त्याहून गंभीर बाब आरोग्याची आहे. लांब, ताठ नॅनोट्यूब फुप्फुसात अॅस्बेस्टॉसच्या तंतूंसारख्या वागू शकतात, हे उंदरांवरील प्रयोगांतून दिसले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१४ साली त्यांतील एका प्रकाराला ‘मानवात कर्करोगाची शक्यता’ या गटात घातले, तर अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने २०१३ मध्ये कामाच्या जागी हवेत दर घनमीटरला एक मायक्रोग्रॅम इतकीच मर्यादा सुचवली. सर्वच नॅनोट्यूब घातक आहेत असे माझे म्हणणे नाही. लांबी, ताठपणा आणि त्या तयार करताना मागे राहिलेले लोह, कोबाल्ट, निकेल यांच्यावर बरेच अवलंबून असते. पण हीच माहिती बाटलीवर नसेल, तर भुकटी चाळणाऱ्या कामगाराने आणि प्रयोगशाळेत ती तोलणाऱ्या विद्यार्थिनीने काळजी कशाच्या आधारे घ्यायची?

नॅनोतंत्रज्ञानाच्या संशोधनासाठीचे केंद्र सरकारचे नॅनो मिशन २००७ साली हजार कोटी रुपयांच्या तरतुदीने सुरू झाले आणि त्याने संशोधनाला मोठे बळ दिले. आता त्याच जोरावर तपासणीची व्यवस्था उभी करावी, अशी माझी विनंती आहे. थरांची संख्या, नॅनोट्यूबची लांबी व व्यास आणि धातूंचे अवशेष नोंदवणारे लेबल भारतीय मानक ब्युरोमार्फत बंधनकारक करावे. प्रत्येक राज्यातील किमान एका विद्यापीठात रामन आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक तपासणी लहान उद्योगांना व महाविद्यालयांना परवडेल अशा दरात, ठरलेल्या मुदतीत मिळावी. कारखान्यातील हवेची मर्यादा कामगार मंत्रालयाशी बोलून निश्चित करावी, आणि ती होईपर्यंत वर सांगितलेली एक मायक्रोग्रॅमची मर्यादा तरी तात्पुरती लागू करावी.

कळावे,
आपला विश्वासू,
रसायनशास्त्राचा एक प्राध्यापक